तोंडात पाणी धरायला लावणारे सर

आमच्या सरांना राग आला की ते शुद्ध मराठीत बोलत. 'आपण जरा उभ्या राहता का?' असं कानावर आलं की समजायचं, आपलं काहीतरी बिघडलंय. आणि एखादी गोष्ट मनापासून आवडली की ते थेट अहिराणीवर येत. धुळ्याच्या त्या तंत्रनिकेतनातली बाकीची मास्तरमंडळी नेमकी उलटी होती. वर्गात पुस्तकी मराठी आणि चिडले की गावाकडची बोली. त्यामुळे नव्या मुलांचा सरांच्या बाबतीत फार घोटाळा व्हायचा. 'आपण हे अतिशय सुबक केले आहे' असं सर म्हणाले म्हणून वर्गभर पेढे वाटणारा एक वर्गमित्र मला आहे. आम्ही कुणी त्याला खरं सांगितलं नाही. पेढे चांगले होते.

सर इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे आणि मी कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला, तेव्हा त्यांचा माझा संबंध यायचं तसं काही कारण नव्हतं. तो आला शनिवारच्या वर्गामुळे. जिन्याशेजारी एक जुना ड्रॉइंग हॉल होता. ड्रॉइंग सगळं कॉम्प्युटरवर गेलं तसा तो ओस पडला. तिथे सर दर शनिवारी दुपारी, कुणी सांगितलेलं नसताना, गेम बनवायला शिकवायचे. हजेरी नाही, मार्क नाहीत, सर्टिफिकेट तर नाहीच नाही. दारावर एक कागद चिकटवलेला होता: 'गेम खेळून कंटाळा आला असेल तर आत या.' मी आत गेले ती खरं म्हणजे शिंदखेड्याच्या बसला अजून वेळ होता म्हणून.

आत सरांच्या समोर पोळ्यांचा स्टीलचा डबा उघडा होता आणि डब्यात, त्यांच्या बायकोच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली, तीन छोटी यंत्रं होती. तळहातावर मावतील एवढी. वर चिमुकला पडदा, डावीकडे चार दिशांची बटणं, उजवीकडे दोन गोल बटणं. हौशी लोकांनी स्वतः गेम लिहावेत म्हणूनच अशी किटं मिळतात. विकत घेताना त्यात एकही गेम नसतो. जो हवा तो आपण लिहायचा, वायर जोडून कॉम्प्युटरवरून आत सोडायचा आणि खेळायचा. सरांनी ती स्वतःच्या पगारातून घेतली होती. त्यात जागा इतकी कमी की मोबाइलमधला एक साधा फोटोही मावणार नाही.

"एवढ्याशा जागेत काय होणार सर?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"तुमच्या घरचं स्वयंपाकघर केवढं आहे?"

"एवढंसंच आहे."

"मग उपाशी राहता का?"

एवढं बोलून त्यांनी एक किट माझ्या हातात दिलं आणि ते दुसऱ्या मुलाकडे वळले. त्या दिवशी माझी बस चुकली.

सरांच्या तऱ्हा सांगायच्या तर किती सांगू. त्यांच्याकडे मोटारसायकल होती, पण ती फक्त सासुरवाडीला जाताना बाहेर निघायची. एरवी सायकल. कॉलेजच्या आवारात कुणाचंही घड्याळ मागे असलं की ते हातातून काढून घेऊन लावून द्यायचे, मग तो प्राध्यापक असो की पोस्टमन. इंटरनेटवरून उचललेला कोड त्यांना एका नजरेत ओळखू यायचा. 'हे पाहुणचाराचं जेवण आहे, घरचं नाही,' म्हणून ते सगळं पुसायला लावत. आणि प्रोग्राममध्ये आम्ही ज्या ज्या गोष्टी मोजायचो त्यांना अहिराणीतच नावं द्यायची, असा दंडक होता. इंग्रजी अक्षरांत लिहायचं, पण शब्द आपला. किती गुण झाले हे ठेवायच्या जागेचं नाव 'कितला', खेळाडू कुठे आहे त्या जागेचं नाव 'कथा', सगळे जीव संपले की 'बठ्ठा'. जळगावहून आलेली एक मुलगी म्हणाली, सर, बाहेरच्या माणसानं वाचलं तर त्याला काय कळेल? सर म्हणाले, "बाहेरच्या माणसानं गेम खेळावा. कोड तुम्हाला वाचायचा आहे. स्कोअर म्हटलं की कुणाचाही असतो. कितला म्हटलं की विचारणारी तुमची माय डोळ्यांसमोर येते." मी आज जळगावला एका कंपनीत मोबाइलची ॲप्स लिहिते. तिथे अशी नावं चालत नाहीत. पण काही अडलं की मी पहिल्यांदा कागदावर तो प्रश्न अहिराणीत मांडते आणि बहुतेक वेळा तो सुटतो.

प्रोग्राममध्ये चूक निघाली की दुसऱ्या मास्तरांचे चेहरे पडतात. सरांचा फुलायचा. चुकीला ते पाहुणा म्हणत. "पाहुना उना का?" असं हसत हसत विचारत येत, आणि मग कीबोर्डला हात लावायची कुणालाही परवानगी नसे. "हाकलानं नही त्याले. पहिले चहा पाजानं, मंग इचारानं, कथाईन उना ते." म्हणजे अख्खा वर्ग उठून फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर. तिथे बाकावर बसून ज्याची चूक त्यानं काय झालं ते मोठ्यानं सांगायचं. टपरीवाल्या भाऊंना आमच्या सगळ्यांच्या चुका तोंडपाठ होत्या. "कालचा पाहुणा गेला का?" असं ते मला रस्त्यात विचारत, तेव्हा सोबतची माणसं चमकून बघत.

माझा गेम होता खापरावरच्या पुरणपोळीचा. विषय सरांनी दिला नव्हता. ते विषय देतच नसत. मी आधी उड्या मारणारी एक शेळी केली होती, ती सगळ्यांच्याच शेळीसारखी झाली. मग एका रविवारी घरी मायला पोळी करताना पाहिलं. पुरण भरलेला गोळा ती हातावर घेते, ह्या हातावरून त्या हातावर झुलवत वाढवते, वाढता वाढता ती पोळी कोपरापर्यंत येते, आणि मग चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर ती अलगद पसरते. लाटणं नाही, पोळपाट नाही. मला वाटलं, दोन हात आहेत आणि किटलाही दोन गोल बटणं आहेत. एक बटण डावा हात, एक बटण उजवा. आळीपाळीनं दाबलं की पोळी वाढते. एकच बटण सारखं दाबलं की त्या बाजूनं फाटते. थांबलं की लोंबून खाली पडते. पुरेशी मोठी झाली की खालचं बटण दाबून खापरावर टाकायची.

झालं भराभर, पण एक पाहुणा हटेना. पोळी अगदी मोठी, आता टाकणार, तोच एकदम गायब होऊन पुन्हा इवलासा गोळा व्हायची. मला रडू यायचं बाकी राहिलं. टपरीवर बसून मी भाऊंना सांगत होते, "वाढते, वाढते, खूप वाढते आणि एकदम पहिल्यासारखी होते." भाऊ म्हणाले, "मना जुना स्कूटरना मीटरबी तसाच व्हता, फिरीसन शून्यावर ये." सर चहा पीत राहिले. मी चहा तसाच ठेवून पळत हॉलमध्ये आले. पोळीचा आकार ज्या जागेत ठेवला होता त्या जागेत मोठा आकडा मावतच नव्हता. मोठी जागा दिली आणि पोळी सुटली. इतकी सुटली की वाढत वाढत तिनं अख्खा पडदा झाकला, वरचे गुण आणि उरलेल्या संधीही तिच्याखाली गेल्या. मी तिला लगाम घालायला बसले तर सरांनी माझा हात धरला. हावरेपणानं पोळी वाढवत बसणाऱ्याला आपल्या किती संधी उरल्यात ते दिसू नये, हे त्यांना फार आवडलं. "हाऊ पाहुना ऱ्हाऊ दे. घरनाच शे तो." तो पाहुणा अजून माझ्या गेममध्ये आहे.

आता त्या पाण्याविषयी. गेम तयार झाला की तो दुसऱ्या कुणीतरी खेळून बघायचा, आणि तो खेळत असताना बनवणाऱ्यानं तोंडात पाण्याचा भलामोठा घोट धरून शेजारी उभं राहायचं. खेळणारा किट खाली ठेवेपर्यंत. गिळलं तर चाचणी बाद, थुंकलं तर बाद, मान हलवली तरी बाद. धुळ्याच्या उन्हाळ्यात तोंडात पाणी धरणं म्हणजे छळ. ते आपोआप उतरतं. पण त्याहून मोठा छळ म्हणजे समोरचा चुकीचं बटण दाबत असताना गप्प राहणं. जीव कासावीस होतो. सगळं सांगावंसं वाटतं. सरांचं म्हणणं एवढंच होतं: "तुझा गेम उद्या फैजपूरला कुणी खेळत असेल. तू त्याच्या शेजारी जाऊन बसणार आहेस का? जे सांगायचं ते गेममध्ये घाल." आम्ही सगळे गाल फुगवून उभे आणि सरही आमच्यासोबत गाल फुगवून उभे, कारण शिकवणाराही बनवणाऱ्यातच धरायचा. बाहेरून जाणाऱ्यांना वाटायचं, आत दातांचं शिबिर चाललंय.

माझी पहिली चाचणी मी मायवर घेतली. सरांनी डब्यासकट किट घरी न्यायला दिलं. मायनं आयुष्यात असलं काही हातात धरलं नव्हतं. मी गाल फुगवून समोर बसले. तिनं दोनदा पोळी फाडली, तिसऱ्यांदा हात बसला, आणि पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "हाई ते मनी पोयी शे. पन हात मना नही शेतस." मी इतकी हरखले की शनिवारी सरांना धावत जाऊन सांगितलं. सर कोरडेपणानं म्हणाले, "मायनं ओळखली यात काय विशेष? तिचीच आहे. परक्यानं ओळखली की मला सांगायला या." शुद्ध मराठीत.

त्याच वर्षी नवे प्राचार्य आले. माणूस वाईट नव्हता, टापटिपीचा होता. त्यांना परीक्षेचे जादा बाक ठेवायला जागा हवी होती आणि ड्रॉइंग हॉल त्यांच्या नजरेत भरला. त्यांनी सरांना बोलावून स्पष्टच सांगितलं, की पुढच्या आठवड्यात तपासणी समिती येते आहे. शनिवारच्या वर्गातलं काहीतरी समितीला दाखवा. त्यांनी चांगला शेरा दिला तर हॉल तुमचा. नाहीतर बाक. बाक तर आधीच येऊन बाहेरच्या व्हरांड्यात एकावर एक रचलेले होते. सरांच्या घरी दोन खोल्या आणि मुक्कामाला आलेल्या सासूबाई, तिथे वर्ग भरणं शक्यच नव्हतं. हॉल गेला की वर्ग गेला, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

प्राचार्यांनी माझा गेम निवडला, का तर मुलगी आहे आणि विषय संस्कृतीचा आहे. मोठा फलक लावा म्हणाले, आणि मुलीकडून इंग्रजीत दोन शब्द पाठ करून घ्या.

सर म्हणाले, "मुलगी बोलणार नाही."

"का?"

"तिच्या तोंडात पाणी असेल."

प्राचार्यांनी आधी हे रूपक असेल असं समजून मान डोलावली. समितीच्या दिवशी आम्हाला तांब्या-पेल्यासकट उभे पाहिल्यावर त्यांना घाम फुटला.

समितीच्या अध्यक्षा एक मॅडम होत्या, मूळच्या कर्नाटकातल्या, हिंदीत बोलणाऱ्या. सोबत कोट घातलेले एक गृहस्थ, जे सकाळपासून कशावरच काही बोलले नव्हते. मॅडमनी टेबलावरचं किट स्वतःहून उचललं. आम्ही घोट घेतले. मॅडमची पहिली पोळी फाटली, दुसरी लोंबून पडली. प्राचार्य माझ्याकडे बघून डोळ्यांनी खुणावत होते, सांग, सांग. मी भिंतीकडे बघत राहिले. मग मॅडमची बोटं लयीत पडायला लागली, डावं उजवं, डावं उजवं, पोळीनं गुण झाकले, संधी झाकल्या, आणि मॅडमनी ती बरोबर खापरावर टाकली. त्या खुशीत ओरडल्या, "वा! डोसा बन गया!"

माझ्या तोंडातलं पाणी प्राचार्यांच्या बुटांवर गेलं. "डोसा नहीं मॅडम," मी ठसकत म्हणाले, "पुरणपोळी है. खापर की. हमारे खान्देश की. मेरी माँ की."

मॅडम मनमोकळं हसल्या. सॉरी म्हणाल्या, कौतुक केलं, पेन काढलं. प्राचार्यांनी बूट विसरून सुटकेचा श्वास सोडला. हॉल आमचा झाला होता. आणि तेवढ्यात सरांनी आपला घोट गिळला आणि पुढे होऊन हात जोडले. "मॅडम, कृपया थांबावे. ही चाचणी बाद आहे."

प्राचार्य म्हणाले, "अहो सर, त्यांना आवडलंय."

"आवडलं असेल. पण मॅडमच्या हातात किट असताना बनवणारी बोलली. आणि तिला बोलावं लागलं, कारण पोळी कसली आहे ते गेमनं सांगितलंच नाही." मग मॅडमना त्यांनी तेच हिंदीत सांगितलं आणि म्हणाले, आपण जेवून या. दुरुस्त करून दाखवतो. नाही झालं तर लिहा, की काम अपुरं आहे.

हातात आलेला हॉल त्यांनी आपल्या हातानं परत टेबलावर ठेवला होता. मॅडम मात्र पेन पर्समध्ये घालून उठल्या आणि म्हणाल्या, ठीक आहे, जेवण करून येते.

काय कमी आहे ते मला कळत होतं. पुरण कमी होतं. माझा गेम पोळी हातावर आल्यावर सुरू व्हायचा. त्याआधी कणकेच्या वाटीत पिवळ्या पुरणाचा गोळा भरून तोंड बंद करायचं, एवढं दाखवायला हवं होतं. मी धडाधड लिहिलं, चित्रं काढली, आत सोडायला गेले तर किटनं नकार दिला. जागा संपली होती. सर कोपऱ्यात भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते.

"सर, मावत नाही."

"मग काहीतरी बाहेर काढ."

"काय काढू?"

"गेम तुना शे," एवढंच म्हणाले.

सुरुवातीच्या पडद्यावर मी माझं नाव कोरलं होतं. देवनागरीत, एकेक ठिपका हातानं बसवून, वेलबुट्टी काढून. तेवढं एकच मोठं चित्र होतं. मी ते काढलं आणि पुरण मावलं. सर उठून आले, पडदा बघितला आणि म्हणाले, "तुझं नाव गेलं की."

"पोळीचं आलं ना सर."

सरांनी हातातल्या शेंगा माझ्या ओंजळीत ओतल्या. त्या क्षणी मला त्यांचा आणि, खोटं कशाला बोलू, स्वतःचाही अभिमान वाटला.

जेवून मंडळी आली. सर म्हणाले, मॅडमना आता खेळता येतं, नवा माणूस हवा. कोटवाले गृहस्थ कुणी नाव घेण्याआधीच खुर्चीत बसले. आम्ही घोट घेतले. प्राचार्यांनी आमच्याकडे पाहिलं, बूट थोडे मागे घेतले, आणि मग काय वाटलं कोण जाणे, पेला उचलून त्यांनीही एक घोट तोंडात धरला.

गृहस्थांनी कणकेची वाटी केली. पिवळा गोळा आत गेला. तोंड मिटलं. पोळी हातावर आली आणि झुलायला लागली. मॅडम त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "अरे, ये तो होळिगे है. हमारे घर में उगादी को बनता है. अंदर मीठी दाल भरते हैं." मग माझ्याकडे वळल्या. "यही है ना? ये होळिगे ही है ना?"

मला मान हलवता येत नव्हती. किट अजून गृहस्थांच्या हातात होतं. मी गाल फुगवून उभी होते आणि डोळे वाहत होते. मॅडम गृहस्थांना सांगत सुटल्या, त्यांची अम्मा केळीच्या पानावर तेल लावून कशी थापते, इथे हातावर कशी करतात बघा, हे कसं जमत असेल. जे जे मी इंग्रजीत पाठ केलं असतं ते सगळं त्या त्यांना सांगत होत्या. गृहस्थांनी पोळी खापरावर टाकली, दिवसातलं पहिलं हसू हसले आणि किट टेबलावर ठेवलं.

मॅडमनी विचारलं, ये क्लास कौन से कमरे में होता है? प्राचार्यांनी घाईनं घोट गिळला आणि म्हणाले, "इसी में मॅडम. हर शनिवार." हॉल त्यांनीच बांधला असावा इतक्या ठामपणे म्हणाले. मग व्हरांड्यात जाऊन शिपायाला बाक जिन्याखाली न्यायला सांगितलं.

सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "आते गियी ले," म्हणाले. "अन् बोल, काय बोलनं शे ते."

मी पाणी गिळलं. पण बोलण्यासारखं माझ्याकडे काही उरलंच नव्हतं.